पाच दाणे चिन्नोर

सानगडीत कुणी रस्ता विचारला तर माणूस नुसता हात करून थांबत नाही, चार पावलं सोबत चालत वळणापर्यंत पोचवून येतो. जुनी रीत आहे ती. पण भाद्रपदातल्या त्या रविवारी हर्षानं रस्ता विचारणाऱ्याला चुकीचा रस्ता सांगितला... आणि तोही जाणूनबुजून.

ती तलावाच्या पाळीवरून धुण्याची बादली घेऊन येत होती. पाळीखालच्या बांध्यांमध्ये धान हिरवंगार उभं होतं. आभाळ भरून आलेलं, पण पडावं की राहू द्यावं, असं स्वतःशीच घोटाळत असलेलं. समोरून एक सायकल आली. मागच्या कॅरिअरवर दोरीनं बांधलेलं छोटं पांढरं पोतं. सायकलवाला तिच्यापाशी उतरला, कपाळावरचा घाम बाहीनं पुसला आणि म्हणाला,

"अजी, मारोतरावांचं घर कोठी आहे जी? ते तुमसरहून परत आले, थे?"

हर्षानं पोत्याकडे पाहिलं. ते कुणाकडे चाललंय हे तिला पोतं पाहताक्षणी कळलं होतं. दोनच दिवसांपूर्वी मूठ मंडळाच्या रंभाबाई घरी येऊन आईशी हळू आवाजात बोलून गेल्या होत्या. हर्षा तेव्हा आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि आईचं "हो बाई... बरं बाई..." ऐकत होती.

"सरळ जा," ती म्हणाली. "बाजार ओलांडा अन् किल्ल्याकडचा रस्ता धरा. तिथी कोणीही सांगेल."

"इतक्या दूर? मले तर बाईनं तलावाजवळ सांगतलं होतं."

"मंग बाईलेच विचारा ना!"

तो हसला. गालावर डाव्या बाजूला एक खळी पडली आणि लगेच पुसली गेली. "नाही नाही, तुमच्यावर विश्वास आहे जी," असं म्हणून त्यानं सायकल वळवली. चेन कुरकुरत लांब गेली. हर्षा बादली घेऊन घरी आली. घर तिथून तीसच पावलांवर होतं.

पंधरा वर्षं त्या घराला कुलूप होतं. तिचे वडील मारोतराव तुमसरला एका राईस मिलमध्ये कामाला होते. मिलच्या मागच्याच खोलीत त्यांचा संसार. हर्षाची शाळा, कॉलेज, सगळं तिथलंच. मग गेल्या उन्हाळ्यात पोत्यांची थप्पी कोसळली आणि मारोतराव खाली सापडले. जीव वाचला. कंबर मात्र वाचली नाही. मिलची खोली सुटली, हर्षाचं शेवटचं वर्ष सुटलं, आणि तिघं जण एका टेम्पोत बसून गावच्या घरी परतले. आता मारोतराव अंगणातल्या खाटेवर बसून असत. आई शकुबाई रोजानं धानाच्या निंदणाला जात. सहा दिवस काम असे, तर पुढचे दहा दिवस नसे.

तासाभरानं पाऊस आला. बारीक, तिरपा. हर्षा दोरीवरचे कपडे काढायला धावली आणि कवाडापाशी थबकली. सायकलवाला उभा होता. अंगात फक्त बनियन. शर्ट त्यानं पोत्यावर पांघरला होता.

त्यानं तिला ओळखलं. पाणी त्याच्या भुवयांवरून ओघळत होतं.

"कोण आहे व?" आतून शकुबाई आल्या.

"मी कमलेश, मावशी. मूठ मंडळाचा. रस्ता चुकलो म्हणून उशीर झाला."

"अगा माय! भिजला ना तू पूर्ण! ये, आत ये, चहा ठेवते."

"नाही मावशी." तो अंगणाच्या कवाडाबाहेरच उभा राहिला, पोतं मात्र वाकून आत ठेवलं. "मंडळाचा नियम आहे. तांदूळ ज्या घरी देतो, त्या घरचं पाणीही प्यायचं नाही."

"असा कसा नियम बाप्पा?"

"बाईचा आहे. बाईपुढं कोणाचं चालते?"

शकुबाई पोतं घेऊन आत गेल्या. त्यानं ओला शर्ट पिळून खांद्यावर टाकला आणि जाता जाता, तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "किल्ला लय छान आहे जी. लहानपणानंतर आजच पाह्यला. पण पुढच्या रविवारी सरळ येऊ का... की दुसरं काही दाखवायचं आहे?"

हर्षा लाजेनं जमिनीकडे पाहत राहिली. मान वर केली तेव्हा तो वळणापार गेला होता. त्या रात्री पोत्यातले तांदूळ शिजले. तिनं मात्र आपलं ताट आईपुढं सरकवलं.

मूठ मंडळ म्हणजे काही मोठी संस्था नव्हती. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या रंभाबाईंनी वीसेक वर्षांपूर्वी ते सुरू केलं होतं. ज्या घरी दोन वेळची चूल नीट पेटते, त्या घरी चुलीशेजारी मातीचं एक गाडगं. सकाळी भात टाकण्याआधी घरच्या बाईनं एक मूठ तांदूळ त्या गाडग्यात टाकायचे. रविवारी सगळी गाडगी समाजमंदिराच्या अंगणात रिकामी व्हायची. एका मोठ्या ताडपत्रीवर सगळ्यांची मूठ एकत्र. मग रंभाबाई स्वतः बसून दोन्ही हातांनी ते तांदूळ वरखाली करायच्या, कुणाचे कुठले ते कुणालाच कळू नये म्हणून. त्यानंतर पायलीनं मोजून अडचणीतल्या घरांना.

असा तांदूळ शिजवणं सोपं नव्हतं. जाडा, बारीक, जुना, नवा, उकडा, सगळे एका भांड्यात. काही दाणे गिच्च व्हायचे, काही दाताखाली कच्चे राहायचे. पहिले दोन रविवार हर्षानं रडत भात केला. तिसऱ्या रविवारी तिनं चाळणी काढली. बारीक दाणे खाली पाडले, जाडे वर ठेवले, जाडे आधी भिजवले आणि बारीक मागून टाकले. भात मोकळा झाला. मारोतरावांच्या ताटात भाताचं एक शीतही उरलं नाही.

"आता चांगला शिजते का जी?" पुढच्या रविवारी कमलेशनं कवाडाबाहेरून विचारलं. तोवर आख्खी गल्ली त्याला कमलेशभाऊ म्हणायची. हर्षा मात्र त्याला कशानंच हाक मारत नसे. नुसतं "अहो" म्हणे, आणि ते म्हणताना उगाच पदराशी नाहीतर ओढणीशी खेळे. शकुबाईंच्या ध्यानात आलं होतं.

"शिजते. तुमच्या गावच्या मुठी ओळखू येऊन राहिल्या आता मले."

"खोटं!"

"खरं. हा लालसर जाडा, पुलाजवळच्या घरचा. हा जुना, किडका... कोणीतरी मंडळाले कोठ्याच्या तळचे देऊन राहिलं."

"बाईले सांगजा नोको, त्या घरी जाऊन भांडतील." तो हसला. मग सायकलच्या घंटीवर उगाच बोट फिरवत म्हणाला, "अन्... आमच्या घरची मूठ सापडली का?"

"तुमची कोणती?"

"आमच्या बांधीत चिन्नोर पिकते. पाळीखाली. पूर्ण सानगडीत आमच्याच घरी. बारीक दाणा, टोकाशी जरासा वाकडा. अन् वास..."

"इतक्या ढिगात एक मूठ कशी सापडेल जी?"

"शोधली तर सापडते."

त्या दुपारी सूप मांडीवर घेऊन ती ओसरीत बसली, आणि उन्हं कलेपर्यंत बसूनच राहिली. पुढच्या रविवारी पोतं आत घेताना ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली,

"सापडले."

"कोण?"

"तुमच्या घरचे. पाच."

"बस, पाचच?"

"पाच काय कमी आहे?" असं म्हणून ती झटकन आत गेली. आणि तो कितीतरी वेळ कवाडाला टेकून उभा राहिला, कुणीतरी त्याला पाच गावं इनाम दिली असावीत तसा.

त्यानंतरच्या रविवारांना एक वळण लागलं. पाचच मिनिटं... पोतं ठेवायला लागतात तेवढीच. तो कवाडाबाहेर, ती आत. मध्ये बांबूचं एक मोडकं कवाड. तो चार वर्षं नागपूरला मोटारी दुरुस्त करून गावी परतला होता. आता पाळीजवळ त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. तिनं विचारलं, नागपूर काहून सोडलं? तो म्हणाला, तिथी पाण्याले चव नाही जी. त्यानं विचारलं, तुमचं कॉलेज? ती म्हणाली, राह्यलं. बस, एवढंच. पण त्या "राह्यलं"नंतर त्यानं नजर खाली केली नाही, की कीव करणारे दोन शब्द बोलला नाही. "राह्यलं म्हणजे संपलं नाही ना?" एवढंच म्हणाला. हर्षाला तो मनापासून आवडला तो बहुधा तेव्हाच.

आणि तरी ती तांदळाचं पोतं उचलताना दर वेळी स्वतःला बजावत होती. हा माणूस आपल्या दारी धान्य घेऊन येतो. ज्या हातातून घेतो त्या हाताकडे बाईमाणसानं दुसऱ्या नजरेनं पाहिलं, तर गाव काय म्हणेल? गाव राहू दे... आपलं मनच आपल्याला काय म्हणेल?

पौषात चिन्नोर मळून झालं. नव्या तांदळाला जो वास असतो तो जुन्याला नसतो. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी कमलेशनं आणलेलं पोतं नेहमीसारखंच दिसत होतं. तो मात्र नेहमीसारखा थांबला नाही. पोतं ठेवलं आणि काहीतरी चोरून पळावं तसा निघून गेला.

हर्षानं पोतं सोडलं आणि हात तसाच राहिला. आत एकही जाडा दाणा नव्हता. सगळे बारीक, टोकाशी जरासे वाकडे.

तिनं ते शिजवायला नको होतं. हे तिला नंतर शंभरदा वाटलं. पण दारात बसलेल्या मारोतरावांना वास आला होता, आणि किती महिन्यांनी त्यांनी स्वतःहून विचारलं होतं, "काय शिजून राहिलं व पोरी?" तिच्यानं राहवलं नाही. भात उकळू लागला तसा तो वास ओसरीतून अंगणात, अंगणातून गल्लीत गेला. मारोतरावांनी पहिलं ताट संपवलं आणि ताट पुढं केलं. "अजून आहे का जरासा?"

अपघातानंतर त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितल्याची ती पहिली वेळ. शकुबाईंनी पदरानं डोळे टिपले.

आणि तेवढ्यात शेजारची साधनावहिनी कवाडातून डोकावली. वाईट बाई नव्हती ती, पण तोंडाला लगाम नव्हता. "अगा बाप्पा! मंडळानं चिन्नोर वाटणं सुरू केलं का? आमी तर मुठीत जाडेच टाकतो." मग हर्षाकडे पाहून जरा हळू, पण हळू म्हणावं इतकंही हळू नाही, "चिन्नोर एकाच घरी पिकते, माय. सगळ्या सानगडीले माहीत आहे कोणाच्या घरी. थो पोट्टा दर रविवारी येऊन राहिला... अन् कवाडापाशी थांबूनही राहिला."

शकुबाईंचा चेहरा पडला. मारोतरावांचा हात ताटातच राहिला. त्यांनी भात संपवला नाही.

पुढच्या रविवारी हर्षा समाजमंदिरात गेली. डोक्यावर उरलेलं पोतं. अंगणात ताडपत्री अंथरलेली, दहाबारा बाया गाडगी रिकामी करत होत्या. रंभाबाई मधोमध बसल्या होत्या. कमलेश बाजूला पायली पुसत उभा होता. तिला पाहून तो जागच्या जागी थिजला.

हर्षानं पोतं डोक्यावरून उतरवलं, तोंड सोडलं आणि सगळे चिन्नोर त्या मोठ्या ढिगावर ओतून दिले. मग गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वरखाली करू लागली. बारीक दाणे जाड्या दाण्यांत मिसळले, वासही मिसळून गेला.

"उठ पोरी," रंभाबाई म्हणाल्या. "तू अन् तू, दोघंही इकडं या."

समाजमंदिराच्या मागं कडुनिंबाखाली त्यांनी दोघांना उभं केलं. "तिच्या हिश्शाचे तांदूळ कोठी गेले रे कमलेश?"

"आमच्या घरी, बाई." त्याची मान खाली. "मी बदलून घेतले. आठ दिवस आमी तेच खाल्ले. आईनं मले शिव्या दिल्या, अर्धा गिच्च अन् अर्धा कच्चा म्हणून."

"चाळायचे असतात," हर्षाच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं ओठ आवळले.

"मले वाटलं, नवे आहेत... तुमच्या बाबाले चांगले लागतील."

"लागले. दुसऱ्यांदा मागितले त्यायनं." तिनं तळव्याला चिकटलेला एक दाणा झटकला. "अन् मंग हातातला घास ठेवून दिला. आता मी रोजचा भात वाढते तर खाली मान घालून खातात. आधी तरी वर पाहत होते हो..."

कमलेशनं हातातली पायली कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवली.

रंभाबाई पारावर टेकल्या. वय सत्तरीपुढचं. बोलू लागल्या तेव्हा त्या दोघांकडे पाहत नव्हत्या. "माझा बाप गेला तेव्हा मी आठ वर्षांची होते. सात माणसं आली दोन पायल्या तांदूळ घेऊन. चांगली माणसं होती. खाटेवर बसली, बापाचे गुण सांगतले. आईनं त्यायले चहा केला. घरी एकच पेलाभर दूध होतं. माझ्या तान्ह्या भावाचं. थे त्या चहात गेलं. थो रात्रभर रडला, अन् आई त्याले साखरपाणी चाटवत बसली... तेव्हापासून मी ठरवलं, देणाऱ्यानं दारात बसायचं नाही. पाणीही प्यायचं नाही. कोणी दिलं थेही कळू द्यायचं नाही. कमलेश, तू चिन्नोर दिले नाहीत रे बाबू. तू तुझं तोंड दिलं त्या पोत्यात बांधून."

"चुकलं बाई."

"आजपासून त्या गल्लीत तू जायचं नाही. पोतं सेवकराम नेईल."

त्या उठून गेल्या. कडुनिंबाची पिवळी पानं दोघांच्या मध्ये पडत राहिली.

"गावाचं खाल्लं त्याची मले आता लाज वाटत नाही," हर्षा म्हणाली. "सुरुवातीले वाटली. तुमाले उगाच किल्ल्यावर धाडलं. पण त्या तांदळाले कोणाचा चेहरा नाही. थे घेऊन मान वर ठेवता येते. तुमचं घेतलं तर..."

"माझा चेहरा नोको आहे का मंग?"

तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. डोळे भरलेले होते. "नोको असता तर इतका राग आला असता का?" ती थांबली. "पण असा नोको. पोत्यात बांधून नोको. आमच्या घरी मंडळाचं गाडगं येईल ना, त्या दिवशी काय विचारायचं थे विचारजा. तोवर नाही."

"अन् गाडगं आलंच नाही तर?"

"तर विचारजा नोको."

माघ गेला, फाल्गुन गेला. पोतं सेवकराम आणायचा. म्हातारा, कमी बोलणारा. तोही कवाडाबाहेरच थांबायचा, पण तिथं आता कुणी थांबत नव्हतं असंच हर्षाला वाटायचं. पाळीवरून जाताना दुकानातून लोखंडावर हातोडीचा आवाज यायचा. ती पावलं भराभर उचलायची. हातोडीचा आवाज मात्र तेवढ्यापुरता थांबायचा.

चैत्रात ऊन तापलं आणि तिला एक गोष्ट सुचली. चाळून उरलेली कणी आणि मिसळलेले तांदूळ दळून तिनं पापड केले. एकाच जातीच्या तांदळाचे पापड एकतर तडकतात नाहीतर चामट होतात. हे मात्र तळल्यावर फुलासारखे उमलले. चिकट दाण्यानं बांधून ठेवलं होतं, जाड्या दाण्यानं कुरकुरीत केलं होतं. साधनावहिनीनं एक चाखला, दुसरा चाखला, आणि गल्लीभर सांगत सुटली. तिच्या तोंडाचा असाही उपयोग होता.

रंभाबाईंनी ते ऐकलं आणि मंडळाची दळणाची घरघंटी मारोतरावांच्या ओसरीत आणून ठेवली. त्या घरघंटीची ही तिसरी ओसरी. आधी एका विधवा बाईकडे होती, मग एका सुताराकडे. ज्याचं त्याचं बस्तान बसलं की ती पुढच्या घरी जायची. "मारोतराव," त्या म्हणाल्या, "मिलमध्ये पंधरा वर्षं काढली. आता हिच्याजवळ खुर्ची टाकून बसा."

"मी कायचा बाई... मले उठताही येत नाही."

"उठायले कोण सांगून राहिलं? कान तर चालतात ना?"

कान चालत होते. पहिल्याच दिवशी मारोतरावांनी नुसत्या आवाजावरून सांगितलं की जाळी उलटी बसली आहे. आठवडाभरात गल्लीच्या बाया दळण त्यांच्यापाशी ठेवू लागल्या. महिन्याभरात शेजारच्या दोन गल्ल्या येऊ लागल्या. "मारोतरावांचं पीठ म्हणजे..." असं बाया बोलू लागल्या, आणि खुर्चीत बसलेल्या त्या माणसाची मान दिवसादिवसानं वर येऊ लागली. शकुबाईंनी आणि हर्षानं वैशाखभर पापड लाटले. हर्षानं सोडलेल्या वर्षाचा फॉर्म भरला. परीक्षा साकोलीला देता येणार होती.

ज्येष्ठात एकदा घरघंटी बंद पडली. मोटर जळाली होती. सेवकराम ती हातगाडीवर घालून घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी परत घेऊन आला. कुणी दुरुस्त केली ते त्यानं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. मारोतरावांनी सुरू करण्याआधी सवयीनं वरच्या तोंडात हात फिरवला, आणि तळहात उघडून पाहत राहिले.

"हे काय व पोरी?"

त्यांच्या हातावर तांदळाचे पाच दाणे होते. बारीक, टोकाशी जरासे वाकडे.

हर्षा हसली. पौषापासून कोंडून ठेवलेलं हसू होतं ते, आवरता आवरेना. शकुबाई कणीक मळायची थांबल्या. मारोतरावांनी लेकीकडे पाहिलं, दाण्यांकडे पाहिलं आणि ते पाच दाणे तिच्या ओंजळीत ठेवले. "जपून ठेव," एवढंच म्हणाले, आणि बटन दाबलं.

पुन्हा भाद्रपद आला. बांध्यांमध्ये धान पुन्हा हिरवं झालं. हर्षा परीक्षा पास झाली होती. ओसरीत मंडळाच्या घरघंटीशेजारी मारोतरावांची स्वतःची नवी घरघंटी उभी होती, पापडांच्या आणि दळणाच्या कमाईतली. त्या शनिवारी हर्षा रंभाबाईंकडे गेली.

"बाई, उद्यापासून पोतं नोको."

रंभाबाईंनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या. "नाव आमी खोडत नाही पोरी," त्या म्हणाल्या. "गाडगं देतो. उद्या येईल."

रविवारी आभाळ भरलेलंच होतं, पण पाऊस नव्हता. सायकलची चेन कुरकुरली तेव्हा हर्षा ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. कमलेश कवाडाबाहेर उतरला. कॅरिअरवर पोतं नव्हतं. दोन्ही हातांत, जपून, मातीचं नवं कोरं गाडगं. आठ महिन्यांत तो जरा वाळला होता.

"बाईनं धाडलं," तो म्हणाला. "हे द्यायचं, अन् मंडळाची घरघंटी न्यायची. नाकाडोंगरीकडून आलेलं एक कुटुंब आहे तिकडे, त्यायले."

"रस्ता सापडला?"

"आज कोणी चुकीचा सांगतला नाही जी."

तो बाहेरच उभा होता. सवयच झाली होती त्या पायांना. हर्षा आत गेली आणि पितळी तांब्या भरून घेऊन आली. कवाड उघडलं. ते मोडकं कवाड उघडताना नेहमी अडायचं, आज कुठं अडलं नाही.

"आत या. पाणी घ्या."

त्यानं तांब्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पायातल्या चपला कवाडापाशी काढल्या आणि वर्षभरात पहिल्यांदाच ते कवाड ओलांडलं. तांब्या तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्याला. इतक्या सावकाश की मारोतराव हसू लागले. "पोरा, तलाव प्यायला आला का?"

"वर्षभराची तहान आहे, काका."

शकुबाई चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेल्या आणि चुलीपाशी नुसत्याच उभ्या राहिल्या.

हर्षानं गाडगं चुलीशेजारच्या कोनाड्यात मांडलं. दारातून कमलेशला ते दिसत होतं. तिनं डब्यातून एक मूठ तांदूळ घेतले, क्षणभर मूठ कपाळाशी नेली आणि गाडग्यात टाकली. कोऱ्या मातीवर दाणे टपटप वाजले.

"विचारू का आता?" तो दारातून म्हणाला.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. दुसरी मूठ भरून घेतली होती, ती तशीच हातात धरून म्हणाली, "तुमच्या घरचं गाडगं कोण भरते?"

"आई."

"आईले सांगजा..." ती थांबली. कानापर्यंत लाल झाली होती. "म्हणावं, थोडे दिवस भरा. मंग दुसरं कोणी भरेल."

बाहेर मारोतरावांनी नवी घरघंटी सुरू केली होती, काहीच दळायचं नसताना. तिच्या घरघरीत कमलेशनं काय उत्तर दिलं ते कुणालाच ऐकू आलं नाही. हर्षाला मात्र ऐकू आलं असावं. कारण हातातली ती दुसरी मूठ तिनं गाडग्यात टाकली नाही. तशीच घट्ट धरून ती वळली, आणि कमलेशनं पुढं केलेल्या ओंजळीत हळूच सोडून दिली.